दामूजींचं नाक

दामोदरराव लांजेवारांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. माझ्या हातातली तागाची पिशवी घेतली, आतला डबा आणि सर्टिफिकिटांची फाईल काढून टेबलावर ठेवली, पिशवीत नाक खुपसलं आणि डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली.

मग डोळे उघडून म्हणाले, "पिशवी राहू द्या. उद्या सांगतो."

"काय सांगता?"

"हिच्यात आधी काय होतं ते."

माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. संध्याकाळी डबा काखेत आणि फाईल छातीशी धरून मी सायकलवर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पिशवी नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेली होती.

"जवस," दामूजी म्हणाले. "त्याच्या आधी मोहरी. घरी विचारून घ्या."

घरी विचारलं. आई लाटणं हातात तसंच धरून बघत राहिली. ती पिशवी तिनं एका जुन्या पोत्याची शिवली होती, आणि ते पोतं कटंगीच्या मामांकडून जवस भरून आलं होतं. मोहरीचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं मामांना पोस्टकार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, "हौ, आधी मोहरी होती. पण हे तुले कोणं सांगतलं?"

ही चौऱ्याण्णव-पंच्याण्णव सालातली गोष्ट. बालाघाटहून गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक राइस मिल होती, तिथं मी डिस्पॅचला लागलो होतो. डिस्पॅच म्हणजे ट्रक भरून घेणं, गेटपास फाडणं आणि ड्रायव्हरची कुरकुर ऐकणं. दामूजी बारदान्यावर होते. आमच्या धंद्यात रिकाम्या पोत्यांना बारदाना म्हणतात. मिलमध्ये धान यायचं, तांदूळ जायचा, कोंडा जायचा, आणि ह्या सगळ्यांना पोती लागायची. ती पोती दामूजींच्या ताब्यात.

वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं सुतळीसारखे. सदऱ्याच्या खिशाला लोक पेन लावतात, ह्यांच्या खिशाला दोन दाभण लावलेले असत, टोकाला बुचं खोचून. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं अर्थात सुतळी. चालताना नजर जमिनीवर. आम्हाला वाटायचं विनम्र माणूस आहे. ते पडलेली सुतळी शोधत असायचे.

पोतं फेकून दिलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. एकदा मी पावसात चिखलाचे बूट एका फाटक्या पोत्यावर पुसले, तर ते धावत आले.

"काहून पुसून राह्यले? अजून जीव हाय त्याच्यात!"

"दामूजी, फाटलंय ते."

"फाटलं म्हणून काय झालं? तुमच्यापेक्षा जास्त फिरलं हाय ते."

हे खरंच होतं. मी तोवर नागपूरच्या पुढं गेलो नव्हतो.

पोत्यांचे त्यांनी चार वर्ग पाडले होते. नवं कोरं पोतं म्हणजे नवरदेव. ते लांबच्या गिऱ्हाइकाकडे जायचं. एखाद-दोन ठिगळं लागली की संसारी. ते कटंगी, लांजी, रामपायलीच्या दुकानदारांकडे. ठिगळावर ठिगळ बसलं की वानप्रस्थी. त्यात फक्त कोंडा. आणि ठिगळ बसायलाही जागा उरली नाही की संन्यासी. संन्यासी पोतं उसवून त्याची सुतळी व्हायची आणि त्या सुतळीनं पुन्हा नवरदेवाचं तोंड शिवलं जायचं. उरलेल्या तुकड्यांची पायपुसणी. मिलमधल्या कोणाच्याही घरी लग्न, बारसं, गृहप्रवेश काहीही असो, दामूजींचा आहेर म्हणजे पायपुसणं. सुंदर विणलेलं, गोल, मधे चांदणी. बालाघाटात एखाद्याच्या दारात तसं पायपुसणं दिसलं की समजावं, ह्या घरातलं कोणीतरी मिलमध्ये आहे.

संसारी पोत्यांच्या कानाला ते लाल दोऱ्याचे तीन टाके घालत. पोत्याचे वरचे दोन कोपरे म्हणजे त्याचे कान. हमाल तिथंच धरून उचलतो. लाल टाक्याचं पोतं दुकानदारानं रिकामं करून त्याच गाडीतून परत पाठवायचं, असा त्यांचा कायदा. गाडी भरून जायची आणि पोती घेऊन यायची. कोणी पोती पाठवली नाहीत तर दामूजी पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः जायचे. कटंगीच्या बाजारात दुकानासमोर उभे राहून हाक मारायचे, "आमच्या लेकी पाठवता का नाही माहेरी?" चार गिऱ्हाइकं वळून बघायची. दुकानदार आतून पोती आणून द्यायचा.

माझा भाचा आता पुण्याला सप्लाय चेनचं शिकतो. गेल्या सुट्टीत त्यानं मला लॅपटॉपवर रंगीत बाण दाखवून 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' समजावून सांगितलं. माल जातो तसा वेष्टनाचा परतीचा प्रवासही आखायचा, गाडी रिकामी फिरवायची नाही, वस्तू मरेपर्यंत वापरायची, मेल्यावरही वापरायची. मी म्हटलं, हे आमच्याकडे लाल दोऱ्यानं व्हायचं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

पण जुनी पोती वापरायची म्हणजे एक भानगड असते. तांदूळ शेजाऱ्याचा वास उचलतो. मिरचीच्या पोत्यात आठ दिवस राहिलेला तांदूळ शिजवला की भात खाताना ठसका लागतो. रॉकेल, खत, सुकी मासळी, काय काय भरलेलं असतं त्यात. म्हणून जुना बारदाना आला की दामूजींचं नाक लागायचं. पोती गठ्ठे बांधून येतात, त्या गठ्ठ्याला गाठ म्हणतात. ते प्रत्येक गाठीतलं एक पोतं काढायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. सगळे हमाल काम थांबवून बघायचे. मग ते त्या पोत्याचे चार धागे ओढून रुमालाच्या कोपऱ्यात बांधायचे आणि म्हणायचे, "उद्या सांगतो."

त्याच दिवशी त्यांनी कधीच सांगितलं नाही. सेठजी, म्हणजे मिलचे मालक, हिंदीच बोलायचे. बाहेरून व्यापारी आले की दामूजींकडे बोट दाखवायचे, "ये आदमी नहीं, लैबोरेटरी है. रिपोर्ट कल मिलेगी."

आणि रिपोर्ट कधी चुकला नाही. लांजीचे एक दुकानदार होते, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला भजन. त्यांच्याकडून परत आलेली लाल टाक्याची पोती दामूजींनी रुमालात बांधली, आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानदार मिलमध्ये हजर असताना सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यात मोहफूल होतं."

मोहफुलांपासून आमच्याकडे काय गाळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदारांचे कान लाल झाले. "ढोरायसाठी आणलं होतं," ते म्हणाले.

"हौ," दामूजी म्हणाले, "ढोरं बी भजन करत असतीन."

प्लास्टिकची पोती आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा दामूजींनी एक पोतं दोन बोटांत धरून उन्हात बघितलं. "ह्याले कान नाही," ते म्हणाले. "ज्याले कानच नाही, त्याले काय सांगावं?" तीन दिवसांनी प्लास्टिकच्या पोत्यांची थप्पी घसरून अर्ध्या गोदामात पसरली. ती पोती गुळगुळीत, एकमेकांवर बसतच नव्हती. कोणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दामूजी धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते.

इतकं सगळं असून ह्या माणसाच्या घरी कोणी गेलेलं नव्हतं. बरोबर पाच वाजता ते सायकल काढायचे. गाडी अर्धी भरलेली असो, पाऊस कोसळत असो, सेठजी बोलत असोत, पाच म्हणजे पाच. चहाला बोलावलं तर यायचे नाहीत. लग्नात पायपुसणं देऊन, अक्षता टाकून, न जेवता परत. एकदा सेठजींनी त्यांना नव्या पोत्यांच्या सौद्यासाठी कलकत्त्याला पाठवायचं ठरवलं. जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याची सोय, सगळं. दामूजी म्हणाले, "मले नाही जमत." का, ते सांगितलं नाही. मग मला पाठवलं. परत आलो तेव्हा ते गेटवरच उभे होते. ताग कुठं भिजवतात, कसा सोलतात, नदीचं पाणी कसं असतं, किती वास येतो, त्यांनी मला दीड तास विचारलं आणि पाच वाजताच मधेच उठून गेले. आम्ही म्हणायचो, बायकोला भितो. कोणी म्हणायचं, चिंगूस आहे. कोणी म्हणायचं, दोन्ही.

मग तो हंगाम आला.

त्या वर्षी धान उदंड झालं होतं आणि आमच्या नव्या पोत्यांच्या गाठी वाटेत कुठंतरी अडकून पडल्या होत्या. जंगलपट्टीतल्या वसतिगृहांना तांदूळ पाठवायचा होता. चार ट्रक गेटवर उभे. ड्रायव्हरांनी तिथंच स्टोव्ह मांडून स्वयंपाक सुरू केला होता. सेठजींनी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून जुन्या पोत्यांची गाडी मागवली. गाडी दुपारी आली. दामूजींनी प्रत्येक गाठीतलं एक पोतं काढून नाकाला लावलं, धागे ओढले, रुमालाला नऊ गाठी मारल्या.

"उद्या सांगतो."

"कल?" सेठजी ओरडले. "कल तो गाड़ी निकलनी है!"

"घाईनं भोक पडते, सेठजी," दामूजी म्हणाले. पाच वाजले होते. ते गेले.

सकाळी आले ते थेट ढिगाकडे. सात गाठी एकीकडे केल्या, दोन दुसरीकडे. म्हणाले, "ह्या दोन चालत नाही."

"क्यों?"

"औषध होतं ह्यात. कपाशीवर मारते ती पावडर. पोतं धुतलं हाय, पण गेलं नाही."

सेठजींनी एक पोतं नाकाला लावलं. "मुझे तो साबुन की बू आ रही है."

मीही वास घेतला. साबणाचाच होता. त्या व्यापाऱ्याचा माणूस गाडीबरोबर आलेला होता, तो हसायला लागला. "सेठजी, इसमें चना था, चना."

"मंग साबण काहून लावला?" दामूजी त्याला म्हणाले. "चण्याच्या पोत्याले कोणी आंघोळ घालते का?"

तो माणूस हसायचा थांबला, पण सेठजींचं लक्ष ट्रककडे होतं. चारही ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून उभे होते. सेठजी माझ्याकडे वळले. "भरवाओ."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझं मत असं होतं की एका माणसाच्या नाकासाठी चार ट्रक थांबवता येत नाहीत. मी हमालांना सांगितलं, जेवणाच्या सुट्टीनंतर ह्या दोन गाठींपासूनच सुरुवात करा. दामूजी मागंच उभे होते.

"तुमी सांगतलं?"

"सेठजींनी सांगितलं, दामूजी."

"सेठजीनं तुमाले सांगतलं. हमालायले तुमी सांगतलं."

एवढंच बोलून ते गेले. मी जेवायला बसलो. भाजी कशाची होती आठवत नाही, पण ती संपली नाही एवढं आठवतं.

सुट्टी संपल्यावर आम्ही गोदामात गेलो. दामूजी जमिनीवर बसले होते. हातात विळा होता. त्या दोन गाठींतली सगळी पोती, शंभराच्या आसपास असतील, त्यांनी तोंडापासून तळापर्यंत उभी फाडली होती. एकसुद्धा सोडलं नव्हतं. शेवटचं पोतं त्यांच्या मांडीवर होतं आणि ते त्याचे कान कापत होते. ज्या माणसानं आयुष्यभर उंदरानं पाडलेलं भोकसुद्धा शिवलं, तो हे करत होता. हमाल दारातच उभे राहिले. कोणी आत जाईना.

सेठजी आले. त्यांनी त्या चिंध्यांकडे पाहिलं, दामूजींकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

"घर जाओ. कल से मत आना."

दामूजींनी विळा भिंतीला टेकवून ठेवला, दोन्ही दाभणांची बुचं नीट बसवली आणि ते गेले. तीन वाजले होते. त्यांना तीन वाजता मिलच्या बाहेर पडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी तीनच ट्रक निघाले, राहिलेल्या सात गाठींच्या जोरावर. फाडलेली पोती चौकीदारानं उचलून नेली. थंडीचे दिवस होते, त्यानं ती आपल्या दोन बकऱ्यांखाली अंथरली. बकऱ्यांनी ती चघळली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बकरी उभी राहीना. तिचे पाय थरथरत होते, मान झटके देत होती. दुपारपर्यंत ती गेली. दुसरी वाचली. चौकीदार सेठजींच्या केबिनसमोर येऊन बसला आणि काही न मागता नुसता बसून राहिला.

सेठजींनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग मला आत बोलावलं. "जाओ," ते म्हणाले. "ले आओ उसको."

दामूजींचं घर जुन्या वस्तीत, एका पिठाच्या गिरणीमागं होतं. दोन खोल्या. दार उघडंच होतं. आतून बाईचा आवाज आला.

"अहो, तेल जळून राह्यलं ना!"

"हौ का?" दामूजींचा आवाज. "दिसत तं नाही."

"दिसन कसं? वास येऊन राह्यला! उतरवा!"

मी दारात खोकलो. आतला आवाज लगेच म्हणाला, "मिलचं कोणीतरी आलं. कोंड्याचा वास हाय. या ना जी आत."

आत खिडकीशी खाट होती. खाटेवर एक बाई उशीला टेकून होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला कुंकू, मांडीवर अर्धवट विणलेलं पायपुसणं. कमरेपासून खाली चादर. भिंतीवर खिळ्यांना धाग्यांच्या लहान लहान जुड्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी: धणे. सरकी. गूळ. मासळी. युरिया. दामूजी आतल्या खोलीतून आले. हातात सांडशी, आणि मला पाहून चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"हे डिस्पॅचचे बाबू," ते म्हणाले.

"मले माहीत हाय," बाई म्हणाल्या. "जवसाची पिशवी. बसा, बाबू."

मी खाली बसलो. काय झालंय ते कळायला मला वेळ लागला. मी एकदा भिंतीकडे, एकदा दामूजींच्या नाकाकडे पाहिलं.

"माह्या नाकाले काहीच समजत नाही, बाबू," दामूजी म्हणाले. "टायफॉईड झाल्तं जवानीत, तवापासून. गुलाब अन् गोवरी मले सारखीच."

"मग मिलमध्ये ते डोळे मिटून..."

"दाखवा लागते ना."

"मी किती वेळा सांगतलं," त्यांच्या बायको, ज्यांना मी पुढं काकू म्हणू लागलो, म्हणाल्या, "जरा कमी वेळ करत जा. इतका वेळ कोणी वास घेते का? पण ऐकत नाही. जवानीत नाटकात राजाचं काम करत होते. खोड जात नाही."

दामूजी लाजले. मी त्यांना लाजताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

काकू कटंगीच्या किराणा दुकानदाराची मुलगी. लहानपणी पोत्यांवरच खेळल्या, पोत्यांवरच झोपल्या. लग्नानंतर काही वर्षांनी कौलं शाकारताना छपरावरून पडल्या, पाठीचा मणका गेला. मूलबाळ नव्हतं. दिवसा शेजारच्या ताराबाई बघायच्या, पाचनंतर दामूजी.

"पडल्यावर दोन वर्षं मी बोललीच नाही," काकू म्हणाल्या. पायपुसण्याचा टाका चालू होता. "भिंतीकडे तोंड करून राहत होती. हे येत, जेवण करत, माहं अंग पुसत, बोलत राहत. मी नाही बोलली. एक दिवस हे जवळ आले तं सदऱ्याले वास आला. मी म्हटलं, आज मिरचीच्या पोत्यात होते का? तं हे माह्याकडे पाहतच राह्यले. दुसऱ्या दिवशी चार धागे आणले रुमालात. म्हणे, सांग बरं, हे कायचं हाय?"

"बरोबर सांगतलं हिनं," दामूजी म्हणाले. "एरंडी."

"मंग रोज आणाले लागले." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मी बी मिलमध्येच कामाले हाय, बाबू. फक्त येत नाही."

मी सेठजींचा निरोप सांगितला. बकरीचं सांगितलं. काकूंचा हात थांबला. "मी म्हटलं होतं ह्यायले, ह्या धाग्यानं माहं डोकं फुटून राह्यलं. साधं औषध नाही हे." मग त्यांनी विचारलं, "पोरायच्या ताटात तं नाही ना गेलं काही?"

"नाही," मी म्हटलं. आणि हे 'नाही' माझ्यामुळे नव्हतं, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. काकूंनी मला चहा घ्यायला लावला. तो दामूजींनी केला होता, आणि दूध किंचित नासलेलं होतं. मी पूर्ण प्यालो.

निघताना दामूजी गिरणीपर्यंत सोडायला आले. "सेठजीले सांगू नका," ते म्हणाले. "माणूस चांगला हाय, पण म्हणतीन, खाटेवरच्या बाईच्या शब्दावर माह्या गाड्या थांबवल्या का? मंग धागे आणणं बंद होईन. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करन."

मी शब्द दिला, आणि पाळला.

दुसऱ्या दिवशी दामूजी कामावर आले. सेठजी आपणहून गेटपर्यंत गेले आणि त्यांच्या सायकलचं हँडल धरून तिला स्टँडपर्यंत नेलं. माफीचा शब्द कोणी काढला नाही. पण त्यानंतर रिपोर्टसाठी गाडी एक दिवस थांबली तर सेठजी ड्रायव्हरला स्वतः चहा पाजायचे.

पुढं सात-आठ वर्षं हे असंच चाललं. कुठं बाहेरगावी गेलो की मी काकूंसाठी काहीतरी वासाचं आणायचो. एकदा तुमसरच्या बसमधून केवड्याचं पान आणलं, एकदा कलकत्त्याचा ओला ताग. तागाचा वास घेऊन त्या नाक मुरडून म्हणाल्या, "बाप्पा! आमची पोती इतकी घाण जागी जन्मतात का?" आणि दिवसभर तो उशाशी ठेवला. हळूहळू प्लास्टिकची पोती रुळली, थप्पी लावायची युक्ती हमालांना जमली, जुना बारदाना कमी कमी येऊ लागला. रुमालाला आठवड्यातून एखादीच गाठ पडायची. मग दामूजी मुद्दाम माझ्या पिशव्या मागायचे.

एका कार्तिकात काकू गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेल्या. मिलमधले सगळे घाटावर आले. बहुतेकांना दामूजींना बायको आहे हे त्या दिवशी नीट कळलं.

तेरवीनंतर ते कामावर आले आणि सरळ केबिनमध्ये गेले. मी तिथंच होतो.

"सेठजी," ते म्हणाले, "माहं नाक गेलं."

सेठजींनी वर पाहिलं. "सर्दी है. भाप लो."

"नाही जी. गेलं."

सेठजी माझ्याकडे बघू लागले. मी गेटपास मोजत राहिलो. शेवटी त्यांनी दामूजींना वजनकाट्यावर बसवलं. तिथंही ते चोख काम करायचे. पाच वाजता मात्र सायकल काढायचे नाहीत. सहा वाजायचे, साडेसहा. काटा पुसत बसायचे, पुसून झाला की पुन्हा पुसायचे.

पौषात एका शेतकऱ्यानं चिन्नोरचं धान भरडायला आणलं. चिन्नोर हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. थोडाच पिकतो, घरच्या कार्याला ठेवतात. यंत्रातून पहिली धार पडली आणि मिलभर वास पसरला. हमाल यंत्राजवळ येऊन उभे राहिले. एक पंजाबी ड्रायव्हर गाडीतून उतरून आत आला. सेठजीसुद्धा केबिनच्या दारात येऊन थांबले. सगळे नुसते श्वास घेत होते.

दामूजी काट्यावरून उठून आले. त्यांनी ओंजळभर तांदूळ घेतला, माझ्या बाजूला आले आणि ओंजळ माझ्यापुढं धरली.

"बाबू, आला का वास?"

"आला ना."

"कसा हाय?"

"चांगला आहे."

ते थांबले. मी आणखी काही बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली.

"बस? चांगला?" ते हळूच म्हणाले. "ती तं पाऊण तास सांगे. माहं जेवण होऊन जाय."

मी डिस्पॅचचा माणूस. गाडी आली, गाडी गेली, ह्याच्यापलीकडे मला शब्द लागले नव्हते. पण ते ओंजळ खाली घेत नव्हते. मी त्यांना पोत्यांच्या थप्पीवर बसवलं, शेजारी बसलो, ओंजळीवर वाकलो आणि डोळे मिटले.

"आधी गरम दुधासारखा येतो," मी म्हटलं.

"हौ," दामूजी म्हणाले. "मंग?"